जेंबेवरची हाक

मामादी सरांची माझी पहिली भेट झाली सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या एका कारखानावजा इमारतीत, आणि मी तेव्हाही दमलेलीच होते. आठवडाभर बँकेत मान मोडून काम केल्यावर रविवारी जेंबे, हातांनी वाजवायचा तो आफ्रिकी ढोल, शिकावा, एवढीच इच्छा. सरांनी मात्र हातात काठी दिली आणि मोठ्या ढोलापुढे उभं केलं. पश्चिम आफ्रिकेत, गिनीतल्या त्यांच्या गावी, नवख्याने तिथूनच सुरुवात करायची असते. महिनोन्‌महिने एकच ठेका. लहानपणी तबला शिकल्याचं मी ऐटीत सांगितलं. "छान," सर म्हणाले, "म्हणजे तुला कंटाळा येणार नाही."

तो आलाच. लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारायची, "आई, एव्हरी संडे सेम सेम, नॉट टायर्ड मेह?"

सरही थकत. कंपन्यांच्या कार्यक्रमांत तासाभरात ढोल वाजवून दाखवणं त्यांच्या जिवावर येई, पण वर्ग त्यावरच तगून होता. तिथेही कुठलाही ताल वाजवण्याआधी तो ज्यांनी दिला त्या गुरूंचं नाव ते घेतात. आपल्याकडे अशा वेळी कानाची पाळी धरतात, हे मी सांगितल्यापासून तीही धरतात. घाईतले मॅनेजर घड्याळ बघत बसतात.

माझे बाबा पुण्यात वारले त्या दिवशी सर बेडोकला घरी आले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी भात लावला आणि मला जेवायला बसवलं.

गेल्या वर्षी सरांचा उजवा खांदा गेला. सगळ्यांना एकदम सुरू करणारी आणि थांबवणारी जेंबेवरची हाक फक्त गुरूंनी द्यायची असते. ती कोण देणार? वर्ग बंद पडणार, असंच आम्ही धरून चाललो होतो. मला तर रडूच येत होतं.

मग एका रविवारी सर आले ते थेट मोठ्या ढोलापाशी, नवख्याच्या जागी, जाऊन बसले. डाव्या हातात काठी घेतली.

"दमलो मी. हाक तू दे."

"सर, मला नाही जमणार."

"मागे मी आहे ना."

मी कानाची पाळी धरली, मामादी सरांचं नाव घेतलं आणि हाक दिली. मागून तो जुना, एकसुरी ठेका आला.

सर, आज तुमची पंचाहत्तरी झाली, आता खांदा जपा, वेळेवर जेवा, भरपूर जगा. मी दमले तरी हाक देत राहीन. मागून तुमचा ठेका तेवढा ऐकू येत राहू दे.