बैलाला वासरं का होत नाहीत

आमच्या गावच्या शाळेत आम्ही मुली दोनच होतो. दुसरी माझी चुलत बहीण. ती पाटी घेऊन यायची आणि बहुतेक वेळ भिंतीला टेकून झोपायची. गाव गोदावरीच्या अंगाला, घनसावंगीहून पायी निघालं तर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. राज्य निजामाचं. मास्तर औरंगाबादेकडचे मुसलमान गृहस्थ होते. घरात उर्दू बोलायचे, आम्हाला मराठीतून शिकवायचे, आणि राग आला की दोन्ही भाषा सोडून नुसते चष्म्यावरून बघायचे.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. एके दिवशी मास्तर म्हणाले, "आज पुस्तक बंद. प्रत्येकानं आपलं आवडतं जनावर सांगायचं. खातं काय, त्याची आई कोण, बाप कोण, पिल्लाला काय म्हणतात. बराबर सांगेल त्याला शाबासकी."

एकानं शेळी सांगितली, बोकड सांगितला, करडू सांगितलं. परटाच्या पोरानं गाढव सांगितलं. माझी पाळी आली तशी मी उठून म्हणाले, "बैल."

खरं तर मला आमचा गोऱ्हा सांगायचा होता. तांबडा, कपाळावर पांढरा टिक्का. त्याची आई व्याली तेव्हा मी गोठ्यातच होते. तो पहिल्यांदा उभा राहिला तो माझ्या परकराला नाक लावून. मी हाक मारली की रानातून पळत यायचा. हे सगळं मी भडाभडा सांगितलं.

"त्याची आई?" मास्तरांनी विचारलं.

"आमची गाय."

"आणि बाप?"

"आमचा बैल."

मागची मोठी पोरं फिसकन हसली. एक जण म्हणाला, "बैल कुठं बाप होतो व्हय! बाप वळू असतो."

मला काही कळेना. मी मास्तरांनाच विचारलं, "मंग बैलाला वासरं का होत न्हाईत?"

सगळा वर्ग हसत सुटला. माझी बहीणसुद्धा जागी झाली. मास्तरांचे कान लाल झालेले मी पाहिले. ते म्हणाले, "बैठ जा बेटी. हा सवाल घरी विचार. चला, पुढचा कोण?"

शाळा सुटल्यावर तोच मोठा पोरगा माझ्यामागं आला. वाटेत त्यानं मला सगळं सांगितलं, हातवारे करून. गोऱ्ह्याचा बैल कसा करतात, काय ठेचतात. शेवटी म्हणाला, "तुमचाबी बडवणार हाईत. तुझ्या बापानं बडवणाऱ्या म्हाताऱ्याला सांगावा धाडलाय."

मी त्याच्या खांद्यावर पाटी हाणली. पाटी फुटली.

घरी आबा, म्हणजे माझे वडील, दोर वळत बसले होते. मी विचारलं, "आबा, आपल्या गोऱ्ह्याला काही करणार हाईत का?" त्यांनी वर पाहिलं नाही. आई आतून ओरडली, "पोरीच्या जातीनं असलं इचारू न्हाई!" त्या ओरडण्यावरूनच मला समजायला हवं होतं. पण आबांनी नाही म्हटलं नव्हतं, तसं हो पण म्हटलं नव्हतं, आणि मी त्यातलं सोयीचं तेवढं धरलं.

शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची. त्या शुक्रवारी मला सकाळीच गावाच्या दुसऱ्या टोकाला आत्याकडे डाळ निवडायला पाठवलं. सूप मांडीवर घेतलं न घेतलं तोच हंबरडा ऐकू आला. गावात दहा-वीस गोऱ्हे असतील, पण तो आवाज कुणाचा हे मला कुणी सांगावं लागलं नाही. सूप तिथंच टाकून मी पळाले.

गोठ्यामागं त्याला आडवा पाडला होता. चारी पाय बांधलेले. दोन माणसं पाठीवर, एक म्हातारा मागं बसलेला, त्याच्या हातात लाकडी ठोकळा. आणि मानेवर गुडघा रोवून आबा. माझे आबा. ते त्याच्या कानाशी वाकून म्हणत होते, "झालं, झालं रे राजा, झालं." माझ्या पायातला काटा काढताना ते हेच म्हणायचे.

ठोकळा खाली आला. गोऱ्ह्याचा डोळा माझ्याकडं होता, पार पांढरा झालेला.

मी चार दिवस शाळेत गेले नाही. पाचव्या दिवशी, माझ्या बहिणीकडून सगळं ऐकून, मास्तर आमच्या घरी आले. ते कधी कुणाच्या घरी जात नसत. आबांनी लगबगीनं घोंगडं अंथरलं. मास्तर बसले नाहीत.

"कसूर माझा आहे," ते म्हणाले. "पोरीनं बिलकुल बराबर सवाल केला होता. मी शरमलो. मी सांगितलं असतं तर तिला ते असं बघावं लागलं नसतं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटी, माफ कर."

मी आईच्या मागं सरकले. मोठं माणूस लहान पोरीची माफी मागतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या धक्क्यानंच मला रडू फुटलं.

आबा खाली बघत म्हणाले, "मास्तरसाब, मी हिच्याएवढा होतो तवा माझ्या बापानं मला गोऱ्ह्याचं शेपूट धरायला लावलं होतं. मी दोन दिवस जेवलो न्हवतो. पण बडवल्याबिगर त्यो औताला मान देत न्हाई. मंग पेरायचं कशानं?" त्यांनी मला जवळ बोलावलं. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गात वळू आणि बैल यांचा फरक सरळ शब्दांत सांगितला. कुणी हसलं नाही. मोठा पोरगा खाली मान घालून बसला होता. मला नवी पाटी मास्तरांनीच आणून दिली.

गोऱ्ह्याची सूज हळदीच्या तेलानं उतरली. आठवडा होता होता तो आबांच्या हातून पेंड खायला लागला, त्यांचा हात चाटायलासुद्धा लागला. मी दाराआडून बघत होते. गोठ्यामागं पाहिलं त्याहून मला हे जास्त लागलं.