लाल पिनेतला आवाज

आमच्या घरात सासऱ्यांचा एकच फोटो होता आणि त्यात ते रागावल्यासारखे दिसत. मी लग्न होऊन गोंदियाजवळच्या या गावात आले तोवर ते वारलेले होते. त्यामुळे ते मुळातच रागीट होते, की फोटोवाल्यानं 'हलू नका' म्हटल्यावर कुणाचंही तोंड होतं तसं त्यांचं झालं होतं, हे कळायला मला मार्ग नव्हता. नवऱ्याला विचारलं तर तो "मले नाई आठवत" म्हणे आणि मोटरसायकल पुसायला अंगणात जाई. बापाचा विषय निघाला की आमची मोटरसायकल चकचकीत होत असे. पुढे पुढे मी विचारणंच सोडून दिलं.

दोन हजार दहाच्या आसपासचा उन्हाळा असेल. सासूबाईंनी लुगडी, गोधड्या उन्हात टाकायला पेटी उघडली आणि तळातून एक व्हिडिओ कॅसेट काढून माझ्या हातात दिली. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. नव्व्याण्णव साली झालेल्या नणंदेच्या लग्नाची कॅसेट होती ती.

"यात तुये सासरे बोलते," त्या म्हणाल्या. "मले त्याइचा आवाज आयकाचा हाय. डोरे मिटले का तोंड दिसते, पन आवाज इसरून राहिली मी."

सासूबाई अशा बोलणाऱ्या बाई नव्हत्या. धानाची रोवणी, दुधाचा रतीब, कोणाच्या घरी काय झालं, यापलीकडे त्यांचं माझं बोलणं फारसं होत नसे. मी गडबडून विचारलं, "काय बोलतात ते?"

"मांडवाच्या मांगं चुलीजवर उभे रायते. पोरगी जाऊन रायते, अना हे डोरे पुसते. मंग मनते, 'काई नाई गा, डोऱ्यात धूर गेला होता.' मंग सारे हासते."

मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, घरात एक जुना कॉम्प्युटरही होता, आणि मला माझ्या हुशारीची तेव्हा फार खात्री होती. "हे तर एका दिवसाचं काम आहे, आई," मी म्हटलं. हे वाक्य मला पुढं त्यांनी बरेचदा ऐकवलं.

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून तिची डिस्क करायचं यंत्र मला गोंदियाच्या बाजारात मिळालं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी. एका बाजूनं कॉम्प्युटरला लावायचं टोक, दुसऱ्या बाजूनं तीन वायरी, त्यांना चित्रासाठी पिवळी आणि आवाजासाठी पांढरी व लाल पिन. चांगल्या कंपनीचं यंत्र त्याच्या कितीतरी पट महाग होतं, म्हणून मी हे घेतलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कुछ नहीं करना है. लगाओ, दबाओ, हो गया." 'कुछ नहीं करना है' म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नये, एवढी अक्कल मला त्या दिवशी नव्हती.

व्हीसीआर नवऱ्यानं आणून दिला. पूर्वी लग्नाबारशाला टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं देणाऱ्या एका माणसाच्या माळ्यावर तो पडून होता. मी तो पुसला, कॅसेट घातली, पिना लावल्या आणि दाबलं. पडदा निळा. परत दाबलं. निळाच. डबीसोबत आलेल्या सीडीत काय होतं ते कॉम्प्युटरला वाचता येत नव्हतं आणि कागदावर काय लिहिलंय ते मला. त्यातली इंग्रजी मी शाळेत शिकलेली नव्हती आणि बहुधा कुणीच शिकलेलं नव्हतं. वायरी काढ-घाल करता करता कधीतरी चित्र आलं, पण काळं-पांढरं.

सासूबाई मागं उभ्या होत्या. "बाप्पा! आमी कलरची शूटिंग केली होती वो. मांडव लाल-पिवरा होता."

"होईल आई, रंग येईल."

"दुकानदारानं फसवलं तुले."

रंगही आला, कसा आला ते आजही सांगता येणार नाही. कॉम्प्युटरवरच्या एका यादीत न कळणारी बरीच नावं होती, त्यातलं दर वेळी वेगळं निवडून पाहत होते, त्यातलं एक लागू पडलं. मग चित्र यायला लागलं की लाईन जायची. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, घाई करता येत नाही, आणि आमच्याकडं तेव्हा भारनियमनामुळं सलग तीन तास लाईन म्हणजे सण होता. नवरी हळदीला बसायची आणि लाईन जायची. पुन्हा पहिल्यापासून. त्या उन्हाळ्यात मी नणंदेला इतक्यांदा हळद लागताना पाहिली की माझ्या स्वतःच्या हळदीपेक्षा मला तिची पाठ झाली.

पण आवाज? आवाजाचा घोळ काही समजेना. आवाज येत नव्हता असं नाही. सनई येत होती. सनई संपली की हिंदी सिनेमातली गाणी येत होती, एकामागून एक. भटजींचं तोंड हलत होतं आणि गाणं ऐकू येत होतं. बायका खदखदून हसत होत्या आणि त्यांच्या तोंडून बासरी निघत होती. माणसाचा एक शब्द म्हणून नव्हता.

आणि सासरे दिसले. मांडवाच्या मागं, पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, पाठमोरे. दुपट्ट्यानं डोळे पुसत होते. मग कॅमेऱ्याकडे वळले. गाणं चालूच होतं. फोटोतल्या माणसापेक्षा ते कितीतरी मऊ दिसत होते. मी कॅसेट थांबवून बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसले. ज्या माणसाचा आवाज मी जन्मात ऐकला नाही तो मला ओळखू तरी कसा येणार, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. व्हीसीआरला आवाजाचं भोक एकच होतं. पांढरी पिन त्यात बसली होती आणि लाल पिन नुसतीच लोंबत होती. मला लगेच आमच्या घरातल्या गाण्यांच्या सीडी आठवल्या. त्यातल्या काहींमध्ये एका स्पीकरमधून नुसतं वाजवणं आणि दुसऱ्यातून गाणाऱ्याचा गळा असायचा. म्हणजे इथंही गाणी पांढऱ्या पिनेतून येताहेत आणि माणसांचं बोलणं लाल पिनेत आहे! तिला लावायला जागाच नाही, म्हणून ते बाहेर येत नाही. मला एवढा आनंद झाला की मी तडक स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

"म्हंजे हायेत नं ते त्याच्यात?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या हाताला पीठ होतं.

"आहेत आई. लाल पिनेत आहेत."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. शेजारीण आली तरी सासूबाई सांगत, "लाल वायर लागाची हाय फक्त." नवरा जेवता जेवता ऐके. एकदा तेवढा म्हणाला, "कायले मांगं लागली तू याच्या?" मी म्हटलं, "तुमच्या आईसाठी." तो हात धुऊन मोटरसायकलकडे गेला.

दोन भोकांचा व्हीसीआर माझ्या माहेरी होता, अर्जुनी मोरगावला. भावानं शौकानं घेतलेला आणि मग विसरलेला. मी मुद्दाम माहेरी गेले आणि तो चादरीत गुंडाळून गाडीनं गोंदियाला निघाले. डब्यात गर्दी होती, म्हणून मांडीवर घेतला. समोरच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "लडका हुआ या लडकी?" मी चादरीचं टोक उचललं. तिनं पुढच्या स्टेशनापर्यंत माझ्याकडं पाहिलं नाही.

घरी आल्या आल्या सासूबाई कॉम्प्युटरसमोर पाट टाकून बसल्या. मी लाल पिन लाल भोकात घातली. मांडवाच्या मागची जागा आली, सासरे वळले, आणि तेच गाणं अगदी तसंच लागलं. आधी एका स्पीकरमधून येत होतं, आता दोन्हींतून.

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "थांबा, सेटिंग बघते," आणि उगाच माऊस हलवत बसले.

शेवटी मी नणंदेला तिरोड्याला फोन लावला. लग्न तिचं, तिला माहीत असेल की बाबा नेमके कुठं बोलतात. मी लाल पिनेचं सगळं सांगितलं. ती हसली.

"वयनी, बाबा कॅसेटीत बोलतच नाई," ती म्हणाली. "लग्नाच्या कॅसेटीत तवा बोलनं कोन ठेवत होतं? सारे गानेच भरत होते. आमी कॅसेट आली तवा टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आनला, सारं गाव अंगनात बसलं. बाबा खाटेवर बसून पाहून रायले होते. ते रडताना दिसले अना पोरं चिडवाले लागले, तं बाबा खाटेवरून बोलले. चुली तं कवाच्याच इझल्या होत्या, तुमी पायलं नाई का कॅसेटीत? मनून तं सारे हासले."

मी फोन ठेवला आणि पुन्हा ती जागा लावून पाहिली. खरंच चुली विझलेल्या होत्या. आचारी गंज-पातेली घासत होते. धुराचा पत्ता नव्हता. एवढ्या वेळा पाहूनही मला ते दिसलं नव्हतं, कारण मी कान लावून बसले होते.

आता हे सासूबाईंना सांगायचं कसं? मला वाटलं, सांगू नये. स्वस्तातली डबी, तिनं आवाज खाल्ला, असं म्हणावं. डबीला काय, शिव्या खायची सवय झालीच होती. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच सरळ विचारलं, "काय म्हनली पोरगी?" आणि मला खोटं साधलं नाही. मी जे ऐकलं ते सांगितलं.

त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. "मंग मी काय आयकत होती इतके वर्स?" त्या म्हणाल्या. त्यानंतर लाल वायरीचं नाव घरात निघालं नाही. शेजारणीनं विचारलं तरी "राहू दे" एवढंच त्या म्हणत. मला फार वाईट वाटलं. कॅसेट पेटीत होती तोवर निदान त्यात सासरे बोलत होते. मी ती उतरवायला घेऊन त्यांना मुकं केलं.

तरी कॅसेटची डिस्क मी पुरी केली, रागानंच. पावसाळ्यानंतर लाईन थोडी सुधारली. दोन-चार डिस्क फुकट गेल्या आणि एक जमली. भाऊबिजेला नणंद मुलांना घेऊन आली, तेव्हा तिच्या मुलांनीच ती डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली. आईला नवरी झालेली पाहून मुलं खिदळत होती. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवरा खाटेवर होता. तीच ती खाट, फक्त नवार बदललेली. तो उठून जाईल असं मला वाटत होतं, पण दाराशी नणंदेची मुलं आडवी पडली होती.

मांडवाच्या मागची जागा आली. सासूबाई म्हणाल्या, "तो गाना बंद कर."

मी रिमोटनं आवाज घालवला. पडद्यावर सासऱ्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि आमच्याकडं वळले.

"काई नाई गा," खाटेवरून आवाज आला, "डोऱ्यात धूर गेला होता."

बोलला माझा नवरा होता, पण तो त्याचा आवाज नव्हता. तो बोलतो पातळ आणि भरभर. हा आवाज जाड होता, थोडा बसलेला, आणि 'गा' लांबवून बोललेला, चिडवणाऱ्या सगळ्या गावाला एकदम गप्प करणारा. नणंदेनं तोंडाला पदर लावला. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो टीव्हीकडेच बघत होता, कान लाल झाले होते. 'मले नाई आठवत' म्हणणारा हा माणूस इतकी वर्षं हे कुठं ठेवून बसला होता, मला कळेना. आजही कळलेलं नाही.

"हव," सासूबाई म्हणाल्या. "असाच." मग माझ्याकडं वळल्या. "आयकला का तू? असे बोलत होते तुये सासरे."

"ऐकला, आई."

त्यांनी पदरानं डोळे कोरडे केले आणि सरकून खाटेच्या जवळ बसल्या.

"मांगं घे," त्या म्हणाल्या.

मी रिमोटनं मागं घेतलं. सासरे पुन्हा पाठमोरे झाले. खाटेवर नवऱ्यानं घसा खाकरला आणि नीट मांडी घालून बसला.