दुसऱ्या ओळीवरची लाल रेघ

सदर भागातल्या एका कचेरीत मला टायपिस्टची नोकरी लागली, तेव्हा आईला घेऊन मी नागपुरात आले. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. धंतोलीत एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला माडीवर खोली मिळाली. सामान म्हणजे दोन पेट्या, एक स्टोव्ह आणि मी नको नको म्हणत असताना आईनं बरोबर घेतलेलं जातं. राहिलं होतं फक्त रेशन कार्ड. मला वाटलं, ते काय, चुटकीसरशी होईल.

कार्डाशिवाय रॉकेल नाही, साखर नाही. घरमालकही येता-जाता विचारायचा, "कार्ड झालं का?" कार्ड होईपर्यंत त्याच्या लेखी आम्ही पाहुण्याच होतो. कचेरीतल्यांनी रीत समजावून सांगितली. आधी गावच्या कार्डातून नाव कमी करायचं, तसा दाखला तहसिलीतून आणायचा, मग इथं अर्ज करायचा.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "माह्यं कापायचं तं काप. तुह्यं नाही कापू देत मी."

पारशिवनीजवळच्या आमच्या गावी काकांचं आणि आमचं कार्ड एकच होतं. आईला अक्षरओळख नव्हती, पण त्या कार्डावरच्या ओळी तिला पाठ होत्या. पहिली बाबांची, दुसरी तिची, तिसरी माझी, मग काकांचं घर. बाबा नागपूरच्या गिरणीत लागले तेव्हा त्यांनीही असंच नाव कमी करून घेतलं होतं. पहिल्या ओळीवर लाल रेघ पडली आणि इथलं कार्ड हातात यायच्या आत ते तापानं गेले. गावातले लोक म्हणायचे, माणूस गेला म्हणून नाव कापलं. आई म्हणायची, नाव आधी कापलं होतं.

"काहून मागं लागली वं तू माह्या?" मी चिडून म्हटलं. "नाव कापल्यानं कोणी मरते का?"

"तुह्या बापानंबी मले असंच म्हटलं होतं."

मी मॅट्रिक झालेली, महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी. मला तिचा भयंकर राग आला. पण कमावणारी मी असल्यामुळे नव्या कार्डावर पहिलं नाव माझंच लागणार होतं. मग मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, बरं, तुझंच कापते.

रजा काढून एसटीनं गेले, काकांकडून कार्ड घेतलं आणि पारशिवनीची तहसील गाठली. कारकून सभ्य माणूस होता. त्यानं पट्टी ठेवून सावकाश दोन रेघा ओढल्या, एक आईच्या नावावर, एक माझ्या. शाई वाळेपर्यंत मी कार्ड उघडंच धरून ठेवलं. काकांना कार्ड परत करताना म्हटलं, "पेटीच्या तळाशी ठेवा. आईला दाखवू नका."

नागपूरच्या कार्यालयात अर्ज दिला. "घरात पुरुष माणूस नाही?" असं तिथल्या बाबूनं विचारलं आणि अर्ज बाजूला ठेवला. मग आज या, उद्या या. दोन महिने माझं नाव तिथंही नव्हतं आणि इथंही नव्हतं. रस्ता ओलांडताना मी दोनदा वळून बघू लागले. हे हास्यास्पद आहे हे मला कळत होतं, तरी बघत होते.

आई दिवसभर खिडकीशी बसायची. खाली दवाखान्याचं मागचं दार होतं. साऱ्या विदर्भातून माणसं यायची. मी कामावरून आले की ती सांगायची, "सकाळी एकाले खाटेवर आणला. त्याची बायको अजून पायरीवरच बसून आहे."

अखेर कार्ड आलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आईच्या हातात ते दिलं आणि स्वतःलाच हसले. आठवड्याच्या आत मला ताप भरला.

मुदतीचा ताप, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात काका बघायला आले. मी डोळे मिटून पडले होते. आईनं त्यांना विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. पोरीचं नाव हाये ना तिथं?"

काकांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "दोघीचंही कापलं, वैनी."

आता ती ओरडेल म्हणून मी वाट बघत राहिले. ती ओरडली नाही. काका गेल्यावर माझ्या कपाळावरची पट्टी बदलत तिनं विचारलं, "ह्या कार्डात माही ओळ कोणती वं?"

"तिथं होती तीच," मी म्हटलं. "दुसरी."

मी बरी झाले. कार्ड घेऊन रेशनच्या दुकानात गेले. दुकानदारानं कार्ड उघडलं आणि म्हणाला, "साखर एकाच नावाची मिळेल. दुसरं कमी झालं ना?"

दुसऱ्या ओळीवर लाल रेघ होती. पट्टी न ठेवता ओढलेली, मध्येच थांबून पुन्हा धरलेली. कचेरीतून मी आणलेली लाल-निळी पेन्सिल घरात स्टोव्हच्या वरच्या फळीवर असायची.

घरी येऊन कार्ड मी तिच्यापुढे धरलं. ती तांदूळ निवडत होती. "एक तं जाणारच होतं," ती म्हणाली. "तू बरी झाली ना आता?" मला रडू फुटलं आणि रागही आला. मी वाटेल ते बोलले तिला. तिनं ताटातला खडा काढून बाजूला ठेवला.

कार्ड खराब झालं असं कारण लिहून मी नव्या कार्डासाठी अर्ज केला. पुन्हा आज या, उद्या या. त्या थंडीत एका दुपारी खिडकीशी बसल्या बसल्या आई गेली. हृदय थकलं होतं, असं खालचे डॉक्टर म्हणाले. त्यांचंच खरं असेल. मी तेच मानत आले आहे, आणि आजही घरात लाल पेन्सिल ठेवत नाही.

तेराव्यानंतर कार्यालयात गेले तर नवं कार्ड तयार होतं. दोन्ही ओळी स्वच्छ, सुवाच्य अक्षरात. मी बाबूला सांगितलं, दुसरं नाव कमी करायचं आहे. घाईत होता बिचारा. शाईत बुडवलेला टाक माझ्याकडे करत म्हणाला, "तुम्हीच मारा रेघ, बाई. मी खाली सही करतो."

"तुम्हीच मारा," मी म्हटलं. "माझ्यानं नाही होणार."