सिंधूने सख्ख्या भावाला मारलं तो दिवस

पार्से गावच्या सिंधूने आपल्या धाकट्या भावाला, सगुणला, कुबडीने मारलं. तो खाली पडल्यावरही दोनदा मारलं. आज तिला याबद्दल विचारलं तर ती नजर चुकवत नाही.

तिचा मुलगा गौरेश जन्मला तो रडलाच नाही. हातपाय आखडले, मान धरायलाच वर्षं गेली. नवरा हरी तुयेच्या कारखान्यात पाळीवर जायचा, आणि सिंधू पोराला काखोटीला मारून डॉक्टरांकडे धावायची. मग पेडण्यात एका बंद पडलेल्या बेकरीत अशा मुलांसाठी केंद्र निघालं. तिथे परदेशातून थेरपिस्ट येत, पगार न घेता काम करत. त्यांतली मॅग्डा पोलंडची. पावसाळा सरला की यायची, उन्हाळ्यापर्यंत राहायची. मुलांना उभं करताना "उबो रव, उबो रव" म्हणत हसायची. तिच्या हाताखाली गौरेश बसायला शिकला, आणि सिंधू तिथेच मदतनीस म्हणून राहिली.

हे घडलं त्या वर्षी केंद्रात येणाऱ्या हळर्णच्या सिद्धीच्या पायांचं ऑपरेशन झालं होतं. प्लास्टर निघालं होतं आणि आखडलेल्या शिरा रोज ताणाव्या लागत. पोर किंचाळायची, "मेलंय गो, सोड!" मग व्यायाम संपला की मॅग्डाच्याच मांडीवर बसून पेज खायची. कुणीतरी खिडकीतून किंचाळण्याचा तेवढा तुकडा मोबाइलवर घेतला. संध्याकाळपर्यंत तो गावोगाव फिरला. खाली लिहिलं होतं, परदेशी बाई मुलांचे पाय मोडून प्रयोग करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली. आधी घोषणा, मग दगड. पहिला दगड काच फोडून आत आला आणि सिद्धीच्या आईच्या कपाळावर बसला. जखमेतलं रक्त तिच्या डोळ्यांत ओघळलं. सिंधूने आणि तिने रांगणारी, पडून असलेली मुलं ओढत पीठ ठेवायच्या जुन्या खोलीत नेली. गौरेशला मात्र नेता आलं नाही. तो उभं राहायच्या लाकडी चौकटीत पट्ट्यांनी बांधलेला होता, आणि मॅग्डा गुडघ्यावर बसून पट्ट्या सोडवत होती.

दार फुटलं. सगळ्यांत पुढे सगुण होता, हातात दांडा.

"खंय असा ती गोरी?"

सिंधू त्याच्या आडवी आली. "सगुणा, तो व्हिडिओ अर्धो असा. मी रोज हंय असतंय, माका विचार!"

"तुका तिणें भुलयल्यान, ताय! बाजूक सर. माझ्या भाच्याचे पाय मोडूक देऊ काय?"

त्याची काळजी खोटी नव्हती. गौरेशवर त्याचा जीव होता. जत्रेत पोराला खांद्यावर घेऊन तोच फिरायचा. त्याने बहिणीला ढकललं. मॅग्डाने डोक्यावर हात धरला आणि दांडा त्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सिंधूला ऐकू आला. मागून घुसलेल्या कुणाचा तरी धक्का चौकटीला लागला आणि ती पालथी झाली, गौरेशसकट. हात पुढे करून स्वतःला सावरणं त्याला जमत नाही. तो थेट तोंडावर आपटला.

सगुणने पुन्हा दांडा उचलला. सिंधूच्या हाताला भिंतीजवळची कुबडी लागली. पहिला घाव त्याच्या कानशिलावर बसला, तो कोसळला. दुसरा आणि तिसरा खांद्यावर. ती ओरडत होती, पण काय, ते तिला आठवत नाही. मग तिने कुबडी इतरांकडे वळवली.

"या! आता कोण येता?"

कुणी आलं नाही. पालथ्या चौकटीखालून गौरेशचं रक्त फरशीवर वाहत होतं आणि तो "मामा, मामा" म्हणत होता. पुढची माणसं ते बघून मागे सरली. पोलीस आले तेव्हा आवारात चपलाच उरल्या होत्या.

गौरेशचे पुढचे दात गेले. मॅग्डाच्या मनगटात स्टीलची पट्टी आणि स्क्रू बसवले, तरी पकड पूर्वीची आली नाही. जाताना तिने मुलांना डाव्या हाताने थोपटलं. ती परत आलेली नाही. फोनवर गौरेशशी बोलते. सगुणला एका कानाने ऐकू येत नाही.

जबाबात सिंधूने ओळखीच्या सगळ्यांची नावं दिली, पहिलं भावाचं. स्वतः किती वेळा मारलं तेही सांगितलं. तिची आई कमल केंद्राच्या दारात येऊन किंचाळली, "माझ्या पोटाक तू कित्याक इलंस!" त्या वर्षी गणपतीच्या चवथीला माहेरचं बोलावणं आलं नाही. पुढच्याही आलं नाही.

केंद्र पुन्हा सुरू झालं, आता आयर्लंडचं एक जोडपं येतं. सिंधू कामाला जाते. जामिनावर सुटलेला सगुण एकदा पार्सेच्या रस्त्यावर समोर आला. गौरेशने चाकांच्या खुर्चीतून हाक मारली. सगुण वाकून पोराच्या पायांना हात लावत राहिला, आणि रस्त्यातच हुंदके देऊन रडला. त्याचं रडणं संपेपर्यंत सिंधूने खुर्ची धरून ठेवली.

घरी हरीने विचारलं, "आता कोर्टात काय सांगतलंस?"

"घडला ता," ती म्हणाली, आणि गौरेशला भरवायला बसली.