गुपचूप द्यायची भाऊबीज

माझ्या सासऱ्यांबरोबर बाजारात जाऊन लाज न वाटता घरी परतलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मी लग्न झाल्यापासून प्रयत्न करतोय. माणूस वाईट नाही हो. उलट इतका चांगला, की चिडलो तरी राग काढायचा कुठे हा प्रश्न पडतो. रोह्याच्या एका कंपनीत जन्मभर शिफ्टा केल्या, कधी कुणाशी वाकडं नाही, तंबाखू नाही, गावच्या राजकारणात नाक नाही. खोड एकच. पैसा या हातातून त्या हातात जाताना तिसऱ्याच्या नजरेला पडता कामा नये. नोटेची ते इतकी बारीक घडी घालतात, की घेणाऱ्याला आधी वाटतं औषधाची पुडी दिली. रिक्षाचं भाडं देताना रिक्षावाल्याचा हात असा दोन्ही हातांत धरतात, की बघणाऱ्याला वाटावं बिचाऱ्याच्या घरी काहीतरी झालंय आणि हे त्याला धीर देताहेत. आमच्या लग्नात भटजींच्या मुठीत दक्षिणा अशी अचानक सारली, की भटजी दचकले आणि भलताच मंत्र सुरू केला. मी एकदा वैतागून विचारलं, "बाबा, चोरीचे आहेत का हे पैसे?" तर म्हणाले, "तसं नाय जावई. देणाऱ्याचं काय, तो देऊन मोकळा होतो. चार लोकांनी बघितलं की घेणाऱ्याची मान खाली जाते." आता भाडं घेताना रिक्षावाल्याची मान कशाला खाली जाईल? पण ते त्यांना कोण सांगणार!

मग गावोगाव ते स्कॅनर आले. भाजीवालीच्या पाटीवर, चपला शिवणाऱ्याच्या खुंटीवर, कोळंबी विकणाऱ्या मावशींच्या टोपलीच्या कडेला, जिथे तिथे तो काळा-पांढरा चौकोन. बायकोने वडिलांना नवा फोन घेऊन दिला आणि पैसे कसे पाठवायचे ते शिकवलं. मला वाटलं म्हातारा फोन फेकून देईल. छे! ते तर हरखून गेले. नोट नाही, हात नाही, कोणी बघायचा प्रश्नच नाही. "हे बेस्ट काढलंन! हे माझ्याच डोक्यात होतं," असं ते आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते. आठवड्याने आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने तो बोलणारा डबा आणून ठेवला. सासऱ्यांनी हिंगाची पुडी घेतली, फोन दाखवला, आणि डबा खणखणीत आवाजात ओरडला, "दहा रुपये प्राप्त झाले!" सासरे जागच्या जागी थिजले.

"हा कुणाला सांगतोय?"

"दुकानदाराला, बाबा."

"तो तर समोरच बसलाय!"

त्या दिवसापासून सासऱ्यांच्या खांद्यावरचा टॉवेल कामाला लागला. फोनवर बोट टेकवलं रे टेकवलं, की दुसऱ्या हाताने टॉवेल डब्यावर, आणि वर तळहात दाबून, रडक्या पोराला थोपटावं तसं थोपटत उभं राहायचं. आतून घुसमटलेला आवाज यायचा. दुकानदार म्हणायचा, "अहो बाबा, आयकायला आलं नाय तर पैसे आले का नाय, मला कळणार कसं?" मग सासरे मोठ्या मनाने टॉवेलचं एक टोक उचलायचे, दुकानदाराने त्यात कान घालायचा, आणि मागे तुंबलेलं गिऱ्हाईक हे सगळं बघायचं. मी तूरडाळीच्या भावाची पाटी वाचत राहायचो. एकदा एका बाईंनी मला विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत का?" मी म्हणालो, "नाही, इथेच भेटले." देवा शप्पथ, म्हणालो. वडखळच्या पेट्रोल पंपावर तर कार्डाचा पिन टाकायच्या आधी त्यांनी मला, बायकोला आणि पंपावरच्या पोरीलाही हुकूम सोडला, "तोंडं अलिबागकडे करा!" आणि आम्ही तिघांनी केली. मागच्या गाडीतला माणूसही काय आहे ते बघायला अलिबागकडे वळला.

एवढ्या सगळ्या झाकाझाकीचं मूळ पेणला होतं, हे मला उशिरा कळलं. पेणला त्यांची धाकटी बहीण असते, माझ्या बायकोची आत्या. नवरा लवकर गेला. घराच्या पडवीत टेबल मांडून पोह्याचे पापड, मिरगुंडं विकून त्यांनी मुलाला वाढवलं. बाई अशी मानी, की कुणाकडे चहाला गेल्या तरी पापडाचं पुडकं घेऊन जातील. दर भाऊबीजेला सासरे पेणला जातात. ओवाळून झालं, की तबकात अकरा रुपये टाकतात, ते लोकांसाठी. मग आत्या वाकून नमस्कार करतात, आणि उठता उठता सासऱ्यांची मूठ त्यांच्या मुठीत जाते. ती खरी भाऊबीज. आत्या मुठीकडे बघत नाहीत, मोजत नाहीत, सरळ कमरेला खोचतात आणि विचारतात, "दादा, चहा टाकू का सरबत?" इतकी वर्षं पोटच्या पोरालासुद्धा पत्ता नाही.

या दिवाळीआधी त्या मुलाची नोकरी गेली. कंपनीने माणसं कमी केली, त्यात हा. आत्यांनी आम्हाला कळवलं नव्हतं, पण कळायचं ते कळतंच. सासऱ्यांनी ठरवलं, यंदा पाच हजार. आणि नेमके सुट्ट्यांमुळे रोह्यातल्या एटीएममध्ये पैसे नाहीत. कोलाडला गेलो, तिथेही नाहीत. सासरे रडकुंडीला आले. म्हणालो, "बाबा, आत्यांच्या नंबरवर पाठवा ना. फोनमधून फोनमध्ये. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"गुपचूप जातील ना पण?"

"एकदम गुपचूप," मी म्हणालो. जावयाचा शब्द.

भाऊबीजेला पेणला आत्यांच्या पडवीत पोचलो तर टेबलावर नवाकोरा स्कॅनर आणि शेजारी डबा. भाचा हौसेने म्हणाला, "मामा, आता मीच बसतो हितं. आपलं पण सगळं ऑनलाइन!" सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कानात सांगितलं, तो स्कॅन केलं तरच बोलतो, नंबरवर पाठवलं की बोलत नाही. खातं आत्यांचंच आणि डबाही त्याच खात्याला जोडलेला, हे मला कुठे ठाऊक! मुंबईला परतणाऱ्या दोन गाड्या थांबल्या होत्या, गिऱ्हाइकं पापड निवडत होती, म्हणून ओवाळणं तिथेच पडवीत झालं. तबकात अकरा रुपये पडले. सासऱ्यांनी मांडीवरच्या फोनवर हळूच बोट टेकवलं. आत्या नमस्काराला वाकल्या. आणि उठताना सासऱ्यांनी रिकामी मूठ, नेहमीसारखी घट्ट मिटलेली, त्यांच्या हातात दिली. आत्यांनीही ती नेहमीसारखी घेतली. तेवढ्यात डबा ओरडला, "पाच हजार रुपये प्राप्त झाले!"

सासऱ्यांचा हात खांद्याकडे गेला. सणाचा नवा सदरा, टॉवेल रोह्याला. भाचा आधी डब्याकडे बघत राहिला, मग मामाकडे, मग आईच्या मुठीकडे, आणि त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. गाडीतून उतरलेली एक बाई म्हणाली, "बाई गं, पाच हजार! कुणाचे?"

"आमच्या दादाची ऑर्डर हाय," आत्या म्हणाल्या. आवाजात काडीचा फरक नाही. "रोह्याला वाटायचेत त्याला. चल रे, बांध सगळे. मिरगुंडं पण घाल."

"अगो बाय, अगो ऐक तरी..." सासरे उठले.

"दादा, ऑर्डर दिलीस ना? मग बस खाली."

टेबल रिकामं झालं. घरातले डबेही रिकामे झाले. पुडकं पुडक्यावर चढत होतं आणि भाचा मान खाली घालून दोरी आवळत होता. मुंबईची गिऱ्हाइकं हात हलवत गेली. ऐन सणात, रस्ता गाड्यांनी भरलेला असताना, आत्यांकडे विकायला पापड उरला नाही. मी डिकी उघडी धरून उभा होतो. आत्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी हिंमत झाली नाही, आणि लाज म्हणजे काय ते मला त्या डिकीपाशी कळलं. त्याआधी बाजारात वाटायची ती नुसती ऐट होती.

परतताना नागोठणं मागे पडलं. मग सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पैसे घेतले तिनं. भाऊबीज नाय घेतली." मी म्हणालो, चूक माझी आहे, बाबा. ते म्हणाले, "नाय हो. तुम्हाला काय माहीत." यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता रोह्यात रोज संध्याकाळी आम्ही दोघं पापड वाटत फिरतो. पिशवी माझ्याकडे. कुणी विचारलं, "काय हो, आज पापड कसले?" की माझे सासरे, ज्यांनी आयुष्यभर दिल्याघेतल्याचा आवाज होऊ दिला नाही, ते भर रस्त्यात, पलीकडच्या दुकानात ऐकू जाईल असे ओरडून सांगतात, "पेणच्या बहिणीने दिले! भाऊबीजेला! माझ्या बहिणीचा हात मोठा हाय!" लोक वळून बघतात. मी पिशवी धरून त्यांच्या शेजारीच उभा असतो. परवा एकाने विचारलं, "हे तुमचे कोण?"

"माझे सासरे," मी म्हणालो.