पांढरा जरबेरा आणि माझे दोन डोळे

परवा संगीतानं, म्हणजे माझ्या सुनेनं, मला फुलं दाखवायला नेलं. कामथडीच्या बाजूला एका पॉलिहाऊसवाल्यानं प्रदर्शन मांडलं होतं. दिवाळी सरली, भातं निघाली, आमच्या गावात, पालीत, आता गडापासून बांधापर्यंत सगळं एकाच मातकट रंगाचं... म्हटलं चला, जरा रंग बघू.

तिच्या मनात वेगळंच होतं, हे मला कळत होतं. महिन्यापूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता डाव्याचंही करा म्हणून ती मागं लागलीय आणि मी टाळतेय. नव्या डोळ्यानं रंग बघितले की मी राजी होईन, असं तिला वाटत होतं. खरं सांगायचं तर घाबरते... घरात सांगते, वेळ नाही.

आत वर प्लास्टिकचा पांढरा कागद ताणलेला, ऊन एकदम मऊ. महिन्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी काळा चष्मा काढला. जरबेरा, कार्नेशन, शेवंती... रांगाच्या रांगा. फुलांना हात लावू नका अशी पाटी होती म्हणे. मला कुठं वाचता येतं! मी सगळ्यांना हात लावून आले.

तेवढ्यात वरून बारीक फवारे सुरू झाले. नव्या डोळ्यात पाणी नको म्हणून मी त्यावर पदर धरला आणि तिथं काम करणाऱ्या बाईला म्हटलं, "ही पिवळी फुलं लई झ्याक हायत गं."

"आजी, पांढरी हायत ती."

"माझे केस पांढरे झाले बाई, मला रंग नको शिकवू."

पदर काढला... फुलं पांढरीशुभ्र. पुन्हा धरला... पिवळी. चार वेळा करून बघितलं. लोकांना वाटलं असेल, म्हातारी डोळे मारतेय.

मग एकदम ह्यांच्या टोप्या आठवल्या आणि माझं हसू गेलं.

किती वर्षं मी संगीताला बोलतेय... तुझ्या हातानं पांढरं धुणं पिवळं पडतं, आईनं काही शिकवलं न्हाई व्हय? तेही आल्यागेल्यासमोर. धुतलेलं परत धुवायला लावलं. ती निमूट नीळ वाढवत गेली. म्हणजे आमचे हे एवढी वर्षं गावभर निळी टोपी घालून फिरले... आणि तेही गप्प!

"संगे, टोप्या पिवळ्या नव्हत्याच न्हवं?"

"न्हाई आत्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर ऐकलं असतं व्हय तुमी?"

मी काळा चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

हे सगळं मी सांगतेय आणि संगीताच मोबाईलवर लिहितेय. टोप्यांचं नका घालू, लोक हसतील म्हणते. म्हटलं, घाल. बोलले चारचौघांत, तर चुकलं हेही चारचौघांतच सांगायचं... चुकलं गं माझं. नाक नको ओढू, लिही.

डाव्या डोळ्यासाठी सोमवारी दवाखान्यात जातेय. भीती आहेच... पण त्या डोळ्यानं बघून मी आणखी कुणाकुणाला काय काय बोलून बसलेय, ते एकदा स्वच्छ बघायला हवं.