हाल्वोर ट्वेटचा वाकडा नळ

आम्हा जर्मन स्थलांतरितांच्या सरोवरकाठच्या शहरात नगरसभा भरायची ती जर्मन नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावर. खाली रंगमंचावर मी राणी होऊन विष पिऊन मरत असायचे, आणि नेमकी शेवटच्या श्वासाला वरून गर्जना यायची, "अहो, पाणी टेकडीवर आपणहून चढत नाही!" प्रेक्षागृहात खसखस पिकायची. इतका भरदार आवाज आमच्या एकाही राजाला नव्हता!

तो आवाज हाल्वोर ट्वेटचा, नॉर्वेहून आलेल्या इंजिनिअरचा. नदीवरचा पूल त्यानेच बांधला, म्हणून उत्तरेकडच्या वॉर्डातल्या नॉर्वेकरांनी त्याला निवडून दिलं. तिथे विहिरी आणि संडास एकमेकांना खेटून. दर उन्हाळ्यात मुलं दगावायची. सरोवराचं पाणी नळाने तिथवर न्यायचं, एवढाच त्याचा ध्यास. दर सभेत तो नकाशा टांगायचा, घसा बसेपर्यंत समजवायचा. सगळे माना डोलवायचे आणि विषय पुढे ढकलायचे.

कारण आमच्याकडे निर्णय सभेत होतच नसत. ते आदल्या शनिवारी बिअरखान्यातल्या गोल टेबलाशी होत. हाल्वोर तर दारूच्या वासालाही उभा राहायचा नाही.

एकदा मी त्याला जिन्यात अडवलं. "अहो, पिऊ नका, पण जाऊन बसा तरी!"

"लीनाबाई, नळाचा आणि बिअरचा काय संबंध?"

"नळाचा नसेल. मतांचा आहे."

तो पाय आपटत निघून गेला.

त्या ऑगस्टमध्ये त्याच्या शेजारणीचं, राग्नहिल्डचं, धाकटं लेकरू गेलं. पुढच्या शनिवारी हाल्वोर नकाशा घेऊन गोल टेबलाशी हजर. पुढ्यात कॉफी. आम्ही नटमंडळी शेजारच्याच टेबलावर होतो.

बिअरभट्टीचा मालक वाइडलिख नगरसभेतलं बडं प्रस्थ. त्याने फेसात बोट बुडवलं आणि नकाशावर ओली रेघ ओढली. "नळ असा, माझ्या भट्टीवरून वळवा. मग बघा कसे हात वर होतात."

"तिथे चढ आहे! मी तीन वर्षं काय ओरडतोय?"

"मग पंप बसवा की, इंजिनिअरसाहेब! शिकलात कशाला?"

टेबल हसून हसून गदगदलं. हाल्वोर लालबुंद होऊन उठला, टोपी उचलली. आता हा जातो, असं मला वाटलं. तो बसला.

"पंपाचा कोळसा तुमच्या भट्टीच्या खर्चातून."

"अरे, कॉफी पिऊन हा असा, तर बिअर पिऊन कसा असेल!" वाइडलिखने त्याच्या पाठीवर थाप मारली. "कबूल."

पुढच्या वर्षी वॉर्डात नळाला पाणी आलं. बायकांनी बादल्या भरल्या. सगळे हाल्वोरच्या भाषणाची वाट बघत होते.

"सरळ आणला असता तर पंप लागला नसता," तो कुरकुरला.

राग्नहिल्डने भरलेला पेला त्याच्यापुढे धरला. "पुरे झालं, हाल्वोर. प्या."

त्याने पेला रिकामा केला. पण म्हातारपणीसुद्धा भट्टीजवळच्या त्या वळणावर आला की तो रस्त्यावर काठी आपटल्याशिवाय पुढे जात नसे.